पाणी, मीठ आणि मूत्रपिंड



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. ऊन तापलेले असावे, सुगी उरकलेली असावी, आणि संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून आपल्या सुखदुःखाचा विचार करावा, हा त्यामागचा हेतू. ह्या व्यासपीठावर आजवर इतिहास झाला असेल, वेदान्त झाला असेल, नाटक आणि काव्य तर झालेच असेल. आम्ही मात्र आज शरीराच्या एका अशा अवयवाविषयी बोलणार आहोत की, ज्याचे नाव चारचौघांत काढावयास माणसे लाजतात. तो अवयव म्हणजे मूत्रपिंड. आजकाल सगळे त्याला किडनीच म्हणतात. आपणही तो शब्द वर्ज्य मानावयाचे कारण नाही.

तुमच्या गावाच्या नावाची एक गंमत आहे. आगगाडीने बेलापूर स्थानकावर उतरावे, तर माणूस श्रीरामपुरात उतरतो. बेलापूर कंपनी म्हणून साखरेच्या ज्या कारखान्याचे नाव एके काळी सर्वदूर झाले तो, आता बंद पडलेला, कारखाना हरेगावचा. आणि खुद्द बेलापूर मात्र येथे प्रवरेकाठी आपल्या जागी स्वस्थ बसलेले आहे! नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे. मूत्रपिंडाच्या दुखण्याचेही नेमके असेच आहे. दुखणे असते मूत्रपिंडाचे. पण सूज दिसते पायांवर आणि डोळ्यांखाली, धाप लागते छातीत, मळमळ होते पोटात, आणि फिकटपणा येतो चेहऱ्यावर. रोगी त्या त्या जागेचे नाव घेऊन त्या त्या जागेचे औषध घेत राहतो, आणि खऱ्या स्थानकावर पोचेपर्यंत गाडी पुष्कळदा निघून गेलेली असते.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी कुटुंब आहे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. असे कुटुंब ह्या भागात कोणत्याही वाडीवस्तीवर सापडेल. घरचा कर्ता मुलगा अडतीस वर्षांचा, चार एकर बागाईत, दोन गाई. त्याचे डोके अधूनमधून दुखे. तो दुकानातून गोळी घेई, चहाबरोबर गिळी आणि कामाला लागे. अशी सहा वर्षे गेली. एका उन्हाळ्यात त्याला अन्न जाईना, पायांत चप्पल शिरेना. तेव्हा तो आमच्याकडे आला. रक्तदाब दोनशेच्या वर, रक्तातले क्रिएटिनीन अकरा, आणि दोन्ही मूत्रपिंडे वाळलेल्या फळासारखी आकसलेली. रक्तदाबाने मूत्रपिंडे गेली होती, की मूत्रपिंडांनी रक्तदाब चढविला होता, हे ठरविण्याची वेळही टळून गेली होती. त्याची म्हातारी आई आम्हांला म्हणाली, "डॉक्टरसायेब, सहा वर्सं हा रोज सकाळी तुमच्या दारावरून दूध घालायला जात व्हता. एक दिवस तरी त्याच्या दंडाला तो पट्टा बांधून पाह्यला असता तर?"

बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या माउलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम हे मूत्रपिंड करते काय ते पाहू. तुम्ही कालव्याच्या मुलखातली माणसे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, त्याचे पाणी कालव्यांनी ह्या भागात खेळले, आणि कोरडवाहूचे बागाईत झाले. कालव्याची व्यवस्था ज्याला समजते त्याला मूत्रपिंड समजावयास अडचण पडू नये. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या आडोशाने, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. वजन प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून जे रक्त निघते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ह्या दोघांकडे जातो. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या आहेत. दिवसाकाठी ह्या गाळण्यांतून १८० लिटर पाणी गाळले जाते. पण लघवी होते किती? दीड-दोन लिटर. म्हणजे उरलेले पावणेदोनशे लिटरांहून अधिक पाणी, त्यातल्या साखरेसह, क्षारांसह, मोजूनमापून पुन्हा रक्तात परत घेतले जाते. कोणत्या चारीला किती पाणी सोडावयाचे आणि कोणते दार केव्हा बंद करावयाचे, ह्याचा इतका काटेकोर हिशोब ठेवणारा पाटकरी कोणत्याही पाटबंधारे खात्याला मिळावयाचा नाही.

तुमच्याकडे दुसरीही एक गोष्ट पाहावयास मिळते. जमिनीला पाणी भरपूर दिले आणि निचऱ्याचे चर मात्र काढले नाहीत, की मीठ वर येते, जमीन खारवट होते, चोपण होते, आणि ऊस पिवळा पडतो. रक्ताचेही तसेच. खाल्लेल्या अन्नातून, झिजलेल्या स्नायूंतून जे क्षार आणि जी घाण रक्तात येते तिचा निचरा मूत्रपिंडे करतात. चर बुजले की शरीराची चोपण जमीन होते. शिवाय रक्त तयार करण्याचा हुकूम मूत्रपिंडांतूनच निघतो, हाडे बळकट ठेवणारे ड जीवनसत्त्व तेथेच कामाला येण्याजोगे होते, आणि रक्तदाबाची किल्लीही काही अंशी त्यांच्याच हाती असते. म्हणून मूत्रपिंडे बिघडली की माणूस फिकट पडतो, हाडे दुखतात, रक्तदाब चढतो.

मग हे सगळे बिघडत असताना माणसाला कळत कसे नाही? ह्याचे कारण असे की, निसर्गाने आपल्याला ही गाळणी गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दिलेली आहे. अर्धी शक्ती गेली तरी उरलेली अर्धी कुरकूर न करता काम करीत राहते. रक्तातले क्रिएटिनीनसुद्धा बहुधा अर्धे काम बिघडल्यानंतरच वाढलेले दिसते. हे इमानी नोकरासारखे आहे. तो तक्रार करीत नाही. आणि ज्या दिवशी तो आजारपणाची चिठ्ठी पाठवितो, त्या दिवशी तो पुन्हा उठण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

पण एक चहाड मात्र आरंभापासून उपलब्ध आहे, आणि ती म्हणजे लघवी. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइट ह्या डॉक्टराने १८२७ साली हे दाखवून दिले. सूज आलेल्या रोग्याची लघवी तापविली की ती दह्यासारखी साकळते, कारण रक्तातले प्रथिन फुटक्या गाळणीतून खाली येत असते. आणि अशा रोग्याच्या मृत्यूनंतर पाहावे तर मूत्रपिंडे खराब झालेली आढळतात. चमचा, मेणबत्ती आणि थोडी लघवी, एवढ्यावर हा शोध लागला. त्याला आता दोनशे वर्षे होत आली. आज तर मेणबत्तीचीही गरज नाही. रसायन लावलेली एक कागदी पट्टी बुडविली की रंग बदलून ती साक्ष देते. असे असता आपल्या गावातल्या किती माणसांची लघवी गेल्या वर्षात तपासली गेली? आपण मनाशीच उत्तर द्यावे.

आता कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला? मूत्रपिंडे गेली तर यंत्र आहे, डायलिसिस आहे. आहे खरे, आणि त्या यंत्राचा इतिहास मनुष्यजातीला भूषणावह आहे. १९३८ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराच्या डोळ्यांसमोर एका गरीब शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मेला. ह्याच्या रक्तातली थोडी घाण रोज बाहेर काढता आली असती तर हा जगला असता, हा विचार कोल्फच्या मनातून जाईना. पुढे महायुद्ध आले, देश जर्मनांच्या टाचेखाली गेला. तशात त्याने काम्पेन ह्या लहान गावी, मांसाचे सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. १९४३ पासून त्याने पंधरा-सोळा रोग्यांवर ते वापरले, आणि जवळजवळ सगळे दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात एक सदुसष्ट वर्षांची बाई त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि जगली. इतक्या अपयशानंतरही जो हात मागे घेत नाही त्यालाच असे यश लाभते.

पुढे १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे स्क्रिब्नर ह्यांनी हातावर कायमची नळी बसविण्याची युक्ती काढली, आणि तेच ते रक्त वर्षानुवर्षे धुणे शक्य झाले. पण यंत्रे थोडी आणि रोगी फार! तेव्हा १९६२ साली त्या गावच्या सात नागरिकांची एक समिती बसली. यंत्र कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, म्हणजे कोणी जगावयाचे आणि कोणी मरावयाचे, हे ह्या सात जणांनी ठरवावयाचे. ह्या समितीवर पुढे फार टीका झाली, आणि ती योग्यच होती.

आपल्याकडे अशी समिती नाही, म्हणून आपण समाधान मानावयाचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आपल्याकडेही निवड होतेच. ती करणाऱ्या समितीत एसटीचे भाडे आहे, बुडालेला रोज आहे, सावकाराचे व्याज आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार तास यंत्रावर पडून राहावे लागते. २०१६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या भाषणात असे सांगण्यात आले होते की, देशात दर वर्षी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या नव्या २ लाख २० हजार रोग्यांची भर पडते, आणि त्यांच्यासाठी डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख खेपा अधिक लागतात. त्याच भाषणातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. आपल्या राज्यात २०१२ साली जी जीवनदायी योजना सुरू झाली तिला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव आहे, आणि तिच्यातून डायलिसिसचा खर्च मिळतो. ह्या योजना नसत्या तर कितीतरी माणसे आज आपल्यात नसती. सरकारने केले ते मोकळ्या मनाने मान्य करावे. पण खेपेचा खर्च सुटला तरी वाटेचा खर्च सुटत नाही, आणि रोग्याबरोबर घरचे एक माणूस जाते त्याचाही रोज बुडतोच. आमच्या त्या शेतकऱ्याच्या घरी पहिल्या वर्षी एक गाय गेली आणि दुसऱ्या वर्षी अर्धा एकर गेला.

दुसरा उपाय मूत्रपिंड बदलण्याचा. १९५४ सालच्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे ह्यांनी जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून ते यशस्वी करून दाखविले. आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम यशस्वी झाले. ज्याला नवे मूत्रपिंड मानवते तो शेतावर जाऊ शकतो, शाळेत शिकवू शकतो. गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतात. अवयवांचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून १९९४ साली कायदा झाला. मेंदू कायमचा थांबलेल्या माणसाचे अवयव घरच्यांच्या संमतीने घेण्याची सोयही त्याच कायद्याने झाली, आणि त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे समन्वयाची केंद्रे आहेत.

पण येथे आम्हांला एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आई किंवा बायको. आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आमच्या त्या शेतकऱ्याला त्याच्या पत्नीने मूत्रपिंड दिले. आई द्यावयास तयार होती, पण तपासणीत तिलाच साखर निघाली. त्या सुनेने दोन लेकरे सासूच्या ओटीत घातली आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजली. आज नवराबायको दोघेही हिंडतात-फिरतात. आपण तिचे कौतुक करतो, सत्यवानाची सावित्री म्हणतो. पण आम्ही स्वतःला विचारले, दुखणे तिला झाले असते, तर तिच्यासाठी टेबलावर कोण निजले असते? नुसते यंत्रावर तरी तिला आठवड्यातून तीनदा कोणी नेले असते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. ते घराघरांत शोधावयाचे आहे.

तेव्हा यंत्र असो की रोपण असो, हे दोन्ही उपाय विहिरीत पडलेल्याला वर काढण्याचे आहेत. विहिरीला कठडा बांधण्याचा उपाय त्याहून स्वस्त आणि शहाणपणाचा. तो परवडतो काय, असे विचाराल, तर मद्रासकडचे, आताच्या चेन्नईचे, उदाहरण देतो. डॉ. एम. के. मणी हे एके काळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात काम केलेले मूत्रपिंडतज्ज्ञ. यंत्राने आणि रोपणाने आपण फार थोड्यांना पुरे पडणार, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईजवळच्या सुमारे २५,००० वस्तीच्या खेड्यांत एक काम उभे केले. थोडेबहुत शिकलेल्या गावच्याच मुलींना शिकवून घरोघर पाठविले. त्यांनी प्रत्येकाला चार प्रश्न विचारावे, रक्तदाब मोजावा, आणि लघवीत साखर व प्रथिन आहे काय ते साध्या रसायनाने पाहावे. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना डॉक्टरांनी तपासून जुनी, स्वस्त औषधे द्यावी. बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात आला, आणि माणशी वर्षाचा खर्च काही थोड्या रुपयांवर गेला नाही. हे काही मोठ्या श्रीमंत देशात घडलेले नाही; आपल्यासारख्याच खेड्यांत घडलेले आहे.

कठडा बांधावयाचा म्हणजे काय काय करावयाचे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट रक्तदाब आणि मधुमेह. मूत्रपिंडांचे हे दोन मोठे वैरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे रोगी १० कोटींच्या वर आहेत. आणि हा आता केवळ शेठसावकारांचा रोग राहिलेला नाही. तिशीनंतर दर वर्षी रक्तदाब आणि साखर पाहावी. उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनीत ही तपासणी विनामूल्य होते. त्याच वेळी लघवीची पट्टी आणि क्रिएटिनीनही पाहून घ्यावे. ज्यांच्या घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांना वारंवार मूतखडा होतो, ज्या बाईला बाळंतपणात रक्तदाब चढला होता, त्यांनी तर चुकवूच नये.

औषधांची भीती बाळगू नये. एकदा गोळी सुरू झाली की जन्माची बेडी, असे लोक म्हणतात. पण बेडी गोळीची की यंत्राची, एवढाच प्रश्न उरतो, तेव्हा गोळी बरी. ह्या औषधांची कथाही मोठी मनोरंजक आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम खाली येतो. १९६५ साली सर्जिओ फेरेरा ह्यांनी त्या विषातला कारणीभूत अंश वेगळा केला, आणि त्या धाग्याने जाता जाता कॅप्टोप्रिल हे औषध हाती लागले. रामिप्रिल हे त्याच घराण्यातले, आणि टेल्मिसार्टन हे त्याच वाटेने पुढे निघालेले. ही औषधे रक्तदाब तर उतरवितातच, शिवाय गाळणीवरचा ताण कमी करून प्रथिनाची गळती थांबवितात. दुसरे एक औषध सफरचंदाच्या झाडाच्या सालीवरून सुचले. तिच्यातला कडू अंश १८३५ सालीच वेगळा केलेला होता. त्यावरून तयार झालेले डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाची झीज मंदावते, हे २०२० साली मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले. आणि त्याच वर्षी त्याचा एकाधिकार आपल्या देशात संपल्याने किंमत एकदम उतरली. जनऔषधीच्या दुकानांत पुष्कळ औषधे स्वस्तात मिळतात. कोणती गोळी कोणाला, हे मात्र डॉक्टरानेच ठरवावे. ह्यांतल्या काही गर्भवतीला चालत नाहीत.

दुसरी गोष्ट मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण खातो ते ह्याहून कितीतरी अधिक. भाकरीबरोबर ठेचा, वर लोणचे, पापड, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून ताटात डावीकडे वाढलेले मीठ! डावीकडचे मीठ बंद करावे. अन्नाला चव आणावयास लिंबू आहे, कोथिंबीर आहे, लसूण आहे. पंधरा दिवसांत जिभेची सवय बदलते.

तिसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या दुकानात मागितल्या की मिळतात. कंबर धरली, घ्या गोळी. गुडघे दुखले, घ्या गोळी. कधीमधी, डॉक्टराच्या सांगण्यावरून घेतल्या तर हरकत नाही. पण रोजच्या रोज, उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना घेतली तर हीच गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडते. घटक न सांगता दिलेल्या पुड्या आणि भस्मेही तितकीच संशयास्पद. आयुर्वेदाचा आम्हांला आदर आहे. पण ज्याच्या पुडीवर नाव नाही त्याचा नाही.

चौथी गोष्ट म्हणजे एकाएकी होणारा घात. हगवण-उलटीने पाणी गेले की चांगली मूत्रपिंडेही दोन दिवसांत बंद पडतात. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी मीठसाखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एवढे औषध प्रत्येक आईला पाठ असावे. दुसरा घात सर्पदंशाचा. उसाच्या फडात घोणस असते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. मांत्रिकाकडे घालविलेला एकेक तास महाग पडतो. जखम कापू नये, करकचून बांधू नये, माणसाला चालवू नये. सरळ रुग्णालयात न्यावे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने सर्पविषावरची लस तयार करून दिली आहे. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत ह्यांनी खेड्यातल्या रुग्णालयातही हे रोगी वाचविता येतात, हे वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे.

आता शेवटची आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. २००२ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोर देशातल्या डॉक्टरांनी जगाला कळविले की, त्यांच्याकडे यंत्रावर येणारे पुष्कळ रोगी तरुण आणि मध्यमवयीन शेतमजूर आहेत. त्यांना ना मधुमेह, ना पूर्वीचा रक्तदाब. हे मजूर कोणते? बरेचसे ऊस तोडणारे! निकाराग्वात चिचिगाल्पा ह्या साखरेच्या गावाजवळ इतके पुरुष मेले की, एका वस्तीला विधवांचे बेट असे नाव पडले. तापलेल्या फडात तासन् तास राबणे, घामाने पाणी जाणे आणि ते भरून न निघणे, हे त्यात मोठे कारण असल्याचे अभ्यासकांना दिसून आले. त्यावर तिकडे उपाय निघाला तो तीन शब्दांचा: विसावा, सावली, पाणी. ठरल्या वेळी काम थांबवावयाचे, फडाच्या कडेला तंबू ठोकावयाचा, आणि प्रत्येकाला पिण्याचे पाणी पुरवावयाचे. ज्या हंगामात विसावा वाढविला त्या हंगामात तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली.

बंधुभगिनींनो, हे ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? आमच्या समोर येतो तो दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून येणारा तांडा. नवराबायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, आणि राहावयास पाचटाची कोपी. पहाटेच्या अंधारात फडात जावयाचे आणि उन्हे डोक्यावर आली तरी मोळ्या वाहावयाच्या. माघ-फाल्गुनात ऊन चटका देऊ लागते, तरी हंगाम संपत नाही. त्यांतल्या बाया पाणीच पीत नाहीत; कारण पाणी प्याले तर जावयाचे कोठे? आडोसा नाही. कंबर धरली की गोळी. म्हणजे ऊन, तहान आणि वेदनाशामक गोळी, हे मूत्रपिंडाचे तिन्ही शत्रू एकाच माणसाच्या वाट्याला! आपल्या चहातली साखर त्या कोयत्यातून आलेली आहे.

ह्यावर उपाय कोणी करावयाचा? आम्ही म्हणतो, ह्याच जिल्ह्याने. उसाचे भांडवल शहरातल्या कंपन्यांकडेच असावयाचे, असे सगळे म्हणत होते, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील नावाच्या शेतकऱ्याने गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थपंडित पाठीशी उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचे चाक फिरले. पुढे त्याच परिसरात, लोणीला, रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. ज्या मातीने साखरेचे यंत्र सहकाराने उभारले, तिला लघवीची एक कागदी पट्टी आणि दंडाचा एक पट्टा सहकाराने उभारता येणार नाही काय?

आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक कारखान्याने गळीत हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस तोडणी मजुरांचा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनीन तपासावे. फडावर पाण्याची टाकी, एक सावलीचे छप्पर आणि बायांसाठी आडोसा असावा. प्रत्येक दूधसंस्थेने वर्षातून एक दिवस दूध घालावयास येणाऱ्या सभासदांचा रक्तदाब मोजावा. दूध मोजावयास माणूस आहे, फॅट मोजावयास यंत्र आहे. तेथेच एक खुर्ची आणि एक पट्टा ठेवावयास कितीसा खर्च? गावातली दहावी-बारावी झालेली मुले-मुली हे काम आठ दिवसांत शिकतील. बेलापूरकरांनी मनावर घेतले, तर पुढच्या वसंतात ह्याच व्यासपीठावरून कोणा वक्त्याने सांगावे की, गावात इतकी माणसे तपासली, इतक्यांचे रक्तदाब सापडले, इतक्यांना गोळी सुरू झाली. ते व्याख्यान आमच्या ह्या व्याख्यानापेक्षा निश्चितच अधिक मोलाचे होईल.

त्या माउलीचा प्रश्न आम्ही विसरलो नाही. तिच्या मुलाच्या बाबतीत तो पट्टा बांधावयाचा राहून गेला, तो राहूनच गेला. पण आता आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर सकाळी एक खुर्ची टाकलेली असते. दूध घालून परतणारा जो कोणी येईल त्याने हात पुढे करावा. पैसे लागत नाहीत. पहिल्याच आठवड्यात तिथे तीन जणांचे रक्तदाब चढलेले निघाले, आणि त्यांतल्या एकालाही आपल्याला काही होते आहे ह्याची वार्ता नव्हती. येथेही सभा संपल्यावर दाराशी आम्ही अशीच एक खुर्ची मांडली आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने तिच्यावर दोन मिनिटे बसावे, आणि ज्यांनी आजवर बायकोचा हात कोणापुढे केला नसेल त्यांनी आधी तिला बसवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.